कोड खुला, कारभारही खुला हवा

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा परवाना वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक देतो: ते वापरण्याची, त्याचा कोड वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि बदललेले सॉफ्टवेअर इतरांना देण्याची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती आली, आणि तेव्हापासून या मोकळिकीवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले, वाद झाले, खटलेही झाले. पण एक गोष्ट कोणताच परवाना सांगत नाही. तुम्ही केलेला बदल मूळ प्रकल्पात कसा जाईल, तो घ्यायचा की नाही हे कोण ठरवेल, आणि ठरायला किती दिवस लागतील, हे त्याच्या कक्षेत येतच नाही. ते त्या प्रकल्पातल्या माणसांच्या कामाच्या रीतीवर अवलंबून असते. ही रीत बहुतेक ठिकाणी थोडी लिहिलेली आणि बरीचशी अंगवळणी पडलेली असते. हे पुस्तक त्या न लिहिलेल्या भागाविषयी आहे.

प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. नवे लोक ओपन सोर्स प्रकल्पाच्या उंबरठ्यावरून परत फिरतात, तेव्हा कोड अवघड होता असे सर्रास म्हटले जाते. कोड अवघड असतोच. पण अवघड कोड वाचायची तयारी ठेवूनच माणूस तिथवर आलेला असतो. त्याला थकवते ते दुसरेच काही: आपले काम आता कोणाकडे आहे, ते का थांबले आहे आणि आपण पुढे काय करायचे, यांतले काहीच न कळणे. म्हणून सहभाग सोपा करायचा तर कामाची पातळी खाली आणण्याची गरज नाही. निर्णय कसे होतात हे बाहेरून दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. असे केल्याने नवख्यांचे भले होते, तसेच जुन्यांचा वेळ वाचतो आणि सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित होते, असे माझे म्हणणे आहे. पुढच्या परिच्छेदांत त्यासाठीचे पुरावे आहेत आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तरेही आहेत.

आधी ही स्थिती कशी आली ते पाहू. लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे लिनक्सची, वार्ता दिली, तेव्हा ती वाचणारे लोक थोडे होते आणि एका वळणाचे होते. मिनिक्स वापरणारे, सी भाषा जाणणारे, विद्यापीठांच्या नेटवर्कवर रोज वावरणारे. त्यांना कार्यपद्धती समजावून सांगावी लागत नव्हती, कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती. कोणी पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवला, त्यावर कोण काय बोलले, शेवटी काय ठरले, हे सगळे रोजच्या वाचनात असे. गावात वाढलेल्याला गावची रीत विचारावी लागत नाही, तसेच हे होते. आज लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत दोन हजारांच्या आसपास लोकांचे बदल असतात. काम इतके वाढले, तरी शिकण्याची रीत बरीचशी तीच राहिली: थांबा, पाहा, हळूहळू कळेल. ज्याच्या हाती सेमिस्टरच्या सुटीतले चार आठवडे आहेत, किंवा नोकरी सांभाळून रात्रीचा तासभर आहे, त्याला असे पाहत बसणे परवडत नाही.

कर्नलमधल्या एका पॅचचा प्रवास जरा जवळून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीला कुठल्याशा ड्रायव्हरमध्ये चूक सापडली. मेमरी मागून घेतली जाते, पण एका विशिष्ट त्रुटीच्या वेळी फंक्शनमधून बाहेर पडताना ती परत केली जात नाही. दुरुस्ती दोन ओळींची आहे. ती गिटमध्ये नोंदवताना खाली स्वतःच्या नावाने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहायची. चेकपॅच नावाची स्क्रिप्ट चालवून मांडणीतल्या चुका काढायच्या. गेट-मेंटेनर ही दुसरी स्क्रिप्ट चालवून त्या ड्रायव्हरची जबाबदारी कोणाकडे आहे, म्हणजे त्याचा मेंटेनर कोण, ते शोधायचे. मग पॅच साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये, फाइल न जोडता, त्या माणसाला आणि संबंधित मेलिंग लिस्टला पाठवायचा. सुधारणा सुचवल्या गेल्या तर त्या करून ‘व्ही२’ अशी खूण घालून पुन्हा पाठवायचा. मेंटेनरने तो घेतला की तो आधी त्या विभागाच्या शाखेत जातो, तिथून लिनक्स-नेक्स्ट या एकत्र चाचणीच्या शाखेत, आणि नवे बदल घेण्याची दोन आठवड्यांची मुदत, म्हणजे मर्ज विंडो, उघडली की टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत. तातडीच्या दुरुस्त्या मर्ज विंडो मिटल्यावरही घेतल्या जातात. बाकीच्यांना पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

यातली एकही पायरी विनाकारण नाही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून खटला भरला. त्यानंतर २००४ मध्ये ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची पद्धत आली: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे प्रत्येकाने त्या ओळीतून जाहीर करायचे. साधा मजकूर हवा, कारण तपासणारा माणूस उत्तरातच प्रत्येक ओळीखाली शेरे लिहितो आणि पसंत पडलेला पॅच त्याच ईमेलमधून थेट गिटमध्ये उतरवतो. लिनक्स-नेक्स्ट हवी, कारण दोन विभागांचे बदल एकमेकांवर आदळतात की काय हे मर्ज विंडोच्या आधीच कळायला हवे. कारण माहीत असले की हेच नियम शहाणपणाचे वाटतात. माहीत नसले की जाच वाटतो. फाइल जोडून पाठवलेला पॅच परत आला आणि सोबत ‘असे चालत नाही’ एवढेच लिहिलेले असले, तर त्या विद्यार्थिनीचा समज होईल की इथे नव्या माणसाला नडतात. कारणाचे एक वाक्य जोडले तर तिला रीत कळेल, आणि पुढच्या वेळी ती दुसऱ्यालाही सांगेल.

पण खरी कसोटी पॅच पाठवल्यानंतर लागते. समजा, उत्तरच आले नाही. या गप्प बसण्याचे अर्थ अनेक असू शकतात. मेंटेनर रजेवर असेल. मर्ज विंडो चालू असेल आणि त्या काळात नवे काही पाहिले जात नसेल. पॅच चुकीच्या माणसाकडे गेला असेल. शीर्षकात विभागाचे नाव नसल्याने तो नजरेतून सुटला असेल. किंवा तो कोणाला नकोच असेल. जुन्या माणसाला यांतले कोणते खरे याचा अंदाज येतो. नव्या माणसाला पाचही कारणे सारखीच दिसतात, आणि बहुतेक जण शेवटचे खरे धरून निघून जातात. कर्नलच्या मार्गदर्शिकेत आता यासाठी एक छोटी सूचना आहे: साधारण दोन-तीन आठवड्यांत उत्तर यावे, न आल्यास पॅच योग्य ठिकाणी पाठवला का ते पाहावे, पुन्हा आठवण करण्याआधी निदान एक आठवडा थांबावे, आणि मर्ज विंडोसारख्या गडबडीच्या काळात त्याहून अधिक. ही सूचना लिहायला कोणाचे फारसे काही खर्च झाले नसेल. तिने कोड सोपा झाला नाही आणि तपासणीही ढिली पडली नाही. मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येऊ लागला. या पुस्तकात ‘सोपे करणे’ हा शब्दप्रयोग जिथे येतो, तिथे असेच काही अभिप्रेत आहे.

या निरीक्षणाला अभ्यासाचा आधार आहे. इगोर स्टाइनमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपन सोर्स प्रकल्पात पहिले पाऊल टाकणाऱ्यांना कोणते अडथळे येतात याचा पद्धतशीर शोध घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात असे ५८ अडथळे नोंदवलेले आहेत आणि त्यांपैकी १३ सामाजिक स्वरूपाचे आहेत: उत्तर न येणे, उशिरा येणे, तुसडे उत्तर येणे, कोणाला विचारावे ते न कळणे. सुरुवात कोणत्या कामापासून करावी हे न सापडणे आणि कागदपत्रे अपुरी किंवा गोंधळाची असणे, हेही त्या यादीत आहे. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत साडेपाच हजारांवर लोकांनी उत्तरे दिली. अपुरे किंवा गोंधळात टाकणारे दस्तऐवज ही अडचण त्यांच्यापैकी ९३ टक्क्यांच्या पाहण्यात आली होती, आणि तरीही दस्तऐवजांत आपण क्वचित भर घालतो किंवा कधीच घालत नाही, असे ६० टक्के लोकांनी सांगितले. दुखणे सर्वांना दिसते, औषध देण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. यात आळसापेक्षा मोठे कारण आहे. ज्याला रीत अंगवळणी पडली, त्याला तिच्यातले काय बाहेरच्याला दिसत नाही हे आठवतच नाही.

मग चांगली व्यवस्था कशी असते? पायथनचे उदाहरण मोलाचे आहे. २००० सालापासून त्या भाषेतला प्रत्येक मोठा बदल ‘पेप’ नावाच्या क्रमांकित प्रस्तावातून मांडला जातो. प्रस्ताव नाकारला गेला तरी तो पुसला जात नाही. नाकारण्याच्या कारणासह तिथेच राहतो. पेप ३१३६ पाहा. एकात एक असलेल्या लूपमधून थेट बाहेरच्या लूपबाहेर पडता यावे, म्हणून लूपला नाव देण्याची सोय त्यात मागितली होती. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २००७ मध्ये ती नाकारली. इतका गुंतागुंतीचा कोड खरोखर लागतो असे प्रसंग फार थोडे असतात आणि या सोयीचा दुरुपयोगच जास्त होईल, असे त्यांचे कारण होते. आज कोणाला हीच कल्पना सुचली तर काही मिनिटांत त्याला कळते की हा विचार होऊन गेला आहे, तो का नाकारला गेला, आणि आता तो पुन्हा मांडायचा तर कोणत्या मुद्द्याला उत्तर द्यावे लागेल. नाकारलेल्या प्रस्तावांचे हे दप्तर नव्या माणसासाठी स्वीकारलेल्या प्रस्तावांइतकेच शिकवणारे आहे.

पायथननेच पुढे आणखी एक धडा दिला. जुलै २०१८ मध्ये पेप ५७२ वरील कडवट वादानंतर व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली. तोवर ‘शेवटी कोण ठरवतो?’ या प्रश्नाचे उत्तर एका माणसाचे नाव हे होते. ते गेल्यावर उत्तरच उरले नाही. मग कारभाराचे अनेक आराखडे प्रस्ताव म्हणून मांडले गेले, डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झाले, आणि पाच जणांची निवडून दिलेली सुकाणू परिषद असावी असे ठरले. ती कशी निवडावी, तिला कोणते अधिकार असावेत, तिच्यावर अविश्वास कसा आणावा, हे सारे पेप १३ मध्ये लिहिलेले आहे. अपाचे फाउंडेशनमध्ये, जिथे १९९९ पासून अनेक प्रकल्प एका छत्राखाली चालतात, मतदानाची रीत याहून नेमकी आहे. कोडमधल्या बदलाला ‘उणे एक’ असे मत देऊन अडवता येते, पण त्यासोबत तांत्रिक कारण द्यावेच लागते. कारण नसलेला नकार बाद धरला जातो. एवढ्या एका नियमाने नवख्याला केवढे बळ मिळते! समोरचा माणूस कितीही मोठा असला, तरी त्याने दिलेल्या कारणाशी वाद घालता येतो. रस्ट भाषेच्या प्रकल्पात नवा बदल आला की तपासणारा कोण हे एक बॉटच नेमून टाकतो, त्यामुळे विचारायचे कोणाला हा प्रश्नच राहत नाही. ‘गुड फर्स्ट इश्यू’ ही खूण आता शेकडो प्रकल्प वापरतात, पण नुसती खूण चिकटवून भागत नाही. कोणत्या फाइलीत पाहायचे, काम झाले असे केव्हा म्हणायचे आणि अडले तर कोणाला विचारायचे, या तीन ओळी तिच्याखाली असतील तरच ती खूण कामाची.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मेंटेनरांच्या बाजूचा आहे आणि तो गंभीर आहे. पुष्कळसे प्रकल्प एक-दोन माणसे आपल्या मोकळ्या वेळात चालवतात. नवखे वाढले की प्रश्न वाढतात, तपासायचे पॅच वाढतात, आणि एकदाच येऊन निघून जाणाऱ्याला शिकवण्यात गेलेला वेळ भरून निघत नाही. नादिया एघबाल यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे: या व्यवस्थेतली दुर्मीळ वस्तू कोड नसून मेंटेनरचे लक्ष आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी तर १९७५ मध्येच बजावले होते की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे घातली की तो जास्तच रखडतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. हे सर्व मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह लिहून ठेवण्याचा आहे. तोच खुलासा वीस जणांना वीसदा करणे महाग पडते. एकदा लिहून ठेवणे स्वस्त. शिवाय व्यवस्था दिसेल अशी करणे म्हणजे प्रत्येकाला आत घेणे असा अर्थ होत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहे आणि त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा आहे, तरी त्याचे कर्ते स्पष्ट लिहितात की कोड खुला आहे, पण बाहेरच्यांच्या योगदानासाठी प्रकल्प खुला नाही. या स्पष्टपणाने कोणाचाही महिना वाया जात नाही. उलट ‘योगदानाचे स्वागत आहे’ अशी पाटी लावून आलेले पॅच वर्षभर तसेच ठेवणे, हे नवख्यावर आणि मेंटेनरच्या स्वतःच्या लक्षावरही अन्याय करणारे आहे.

दुसरा आक्षेप असा, की सोपे केले की गर्दी होते आणि दर्जा बुडतो. यासाठी २०२० च्या हॅक्टोबरफेस्टचा दाखला दिला जातो. डिजिटलओशन कंपनीच्या या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात ठराविक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. त्या वर्षी ‘रीडमी’ फाइलीत एखादा निरर्थक शब्द घालून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला, की आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेवढ्याच प्रकल्पांतले काम धरले जाऊ लागले. दाखला खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष वेगळा निघतो. तिथे कोणी प्रक्रिया समजावली नव्हती. फक्त बक्षीस सोपे केले होते. पाठवण्याचा खर्च शून्यावर आला आणि समज जिथल्या तिथे राहिली, म्हणून गोंधळ झाला. आज यंत्राकडून लिहून घेतलेले पॅच आणि बग-अहवाल पाठवणे त्याहून स्वस्त झाले आहे. कर्ल या प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग अशा पोकळ अहवालांविषयी २०२४ पासून जाहीरपणे तक्रार करत आहेत. अशा काळात तर काय घेतले जाईल, काय घेतले जाणार नाही आणि पाठवणाऱ्याने आधी काय तपासलेले असले पाहिजे, हे लिहून ठेवण्याची निकड वाढते. लिहिलेली अट दाखवून अयोग्य काम दोन ओळींत परत करता येते. अट लिहिलेली नसेल तर दर वेळी नवा वाद घालावा लागतो.

तिसरा आक्षेप जुन्या मंडळींकडून ऐकू येतो: अवघडपणा ही चाळणी आहे, जो चिकाटीने टिकेल तोच खरा. चाळणी असायला हरकत नाही. ती काय वेगळे करते हे पाहायला हवे. कर्नलच्या शेड्युलरमध्ये बदल करायचा तर समवर्ती प्रोग्रॅमिंगचे सखोल ज्ञान हवेच, आणि ही चाळणी कोणी सैल करू नये. पण कोणाला लिहायचे, किती थांबायचे, कडक शब्दांतला शेरा म्हणजे नकार समजायचा की काय, हे न कळणे ही जी दुसरी चाळणी आहे, ती ज्ञान तपासत नाही. ती मोकळा वेळ तपासते, आधीपासूनच्या ओळखी तपासते, आणि परक्या इंग्रजीतला सूर ओळखण्याची सवय तपासते. गिटहबच्या त्याच पाहणीत उत्तरे देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष होते आणि स्त्रिया फक्त ३ टक्के, हा आकडा चिकाटीच्या फरकाने समजावता येणार नाही. २००५ पासून चालणारा गूगल समर ऑफ कोड आणि ग्नोम प्रकल्पाच्या प्रयत्नांतून वाढलेला आउटरीची यांनी कामाची पातळी न सोडता वाट दाखवणारा माणूस आणि ठरलेली मुदत दिली, आणि एरवी बाहेर राहिले असते असे पुष्कळ लोक आत येऊन टिकले.

चौथा आक्षेप विकिपीडियाच्या अनुभवातून येतो. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचली आणि मग घसरली. आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की दर्जा राखण्यासाठी बनवलेले नियम आणि आपोआप संपादने उलटवणारी साधने यांमुळे चांगल्या हेतूने आलेले नवखेही परत गेले. मग लिहिलेल्या नियमांचे जंगलच घातक ठरत नाही काय? ठरते, आणि म्हणून नियम लिहिणे आणि निर्णयाची वाट दाखवणे यांत फरक करायला हवा. शंभर नियमांच्या यादीने नवखा गुन्हेगार ठरतो. निर्णय कोण घेतो, कारण कुठे वाचायला मिळते आणि दाद कुठे मागायची, हे एका पानावर सांगितले तर तो सहकारी होतो. विकिपीडियानेही २०१२ मध्ये नवख्यांचे प्रश्न ऐकायला टीहाउस नावाची जागा सुरू केली, आणि तिथे उत्तर देणारी माणसे असतात, यंत्रे नव्हेत. लिहिलेली वाट माणसाच्या उत्तराची जागा घेत नाही. माणसाचे उत्तर जिथे खरोखर लागते तिथे ते उपलब्ध राहावे, एवढी फुरसत मात्र ती मिळवून देते.

शेवटचा आक्षेप सुरक्षेचा. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेले एक्सझेड प्रकरण अजून ताजे आहे. ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या कोणी दोनेक वर्षे त्या छोट्याशा कॉम्प्रेशन प्रकल्पात इमाने-इतबारे काम करून विश्वास मिळवला, सहमेंटेनर झाला, आणि मग त्यात चोरवाट पेरली. त्या चोरवाटेमुळे एसएसएचने लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता; हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरच्या लक्षात आले आणि त्यांनी खोलात जाऊन शोध घेतला, म्हणून जग बचावले. तेव्हा नव्या माणसाला वाट दाखवणे म्हणजे चोराला वाट दाखवणे नव्हे काय, असे विचारले गेले. पण प्रकरणाचा तपशील नीट पाहावा. हल्लेखोराला कोणाच्या मार्गदर्शिकेची गरज पडली नाही. त्याच्याकडे हवा तेवढा वेळ होता. त्याला उपयोगी पडला तो एकटा आणि थकलेला मेंटेनर, त्याच्यावर ‘काम हळू चालले आहे, दुसऱ्याला अधिकार द्या’ असे दडपण आणणारी अनोळखी नावे, आणि नव्या माणसाला कोणते अधिकार केव्हा द्यायचे याचा कुठलाही ठरलेला दंडक नसणे. आणि सर्वांत बोलका तपशील हा, की चोरवाट चालू करणारी कळ गिटमध्ये सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. प्रकाशनासाठी वेगळ्या बांधलेल्या फाइलीत होती. म्हणजे जिथे व्यवहार उघड्यावर होत नव्हता, नेमक्या तिथेच घात झाला. प्रकाशनाची फाइल कोण बांधतो, ती मूळ कोडशी जुळते का हे कोण तपासतो, सहमेंटेनर होण्याआधी किती जणांची संमती लागते, हे लिहिलेले आणि पाळले जात असेल तर प्रामाणिक नवख्याला आपला रस्ता कळतो आणि अप्रामाणिकाला आडवाट उरत नाही.

मराठी वाचकाने या सगळ्याशी आपला संबंध काय असे विचारू नये. संबंध थेट आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्या. एकात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा ऱ. चूक झाली तर गुरुजनांचे स्वयंपाकी होतात. हा आडवा ऱ एखाद्या ॲपमध्ये तुटका दिसला, तर दोष तीन ठिकाणी असू शकतो: फाँटमध्ये, अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझ या इंजिनमध्ये, किंवा खुद्द त्या ॲपमध्ये. हार्फबझ हे इंजिन अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या सर्वांत आहे, त्यामुळे तिथे झालेली एक दुरुस्ती कोट्यवधी पडद्यांवर पोहोचते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी. ती दाखवण्याची सोय फाँटमध्येच भाषेनुसार करावी लागते. या बाबतीत नांदेडचा किंवा सावंतवाडीचा विद्यार्थी जगातल्या कोणत्याही मेंटेनरपेक्षा जास्त जाणतो. पण तक्रार तिघांपैकी कोणाकडे न्यायची, सोबत कोणता शब्द, कोणता फाँट आणि कोणती आवृत्ती कळवायची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग तो गप्प राहतो, आणि मराठी चुकीची दिसत राहते.

भाषांतराच्या कामातही हेच घडते. फायरफॉक्सची मराठी वाक्ये मोझिलाच्या पोंटून या साधनात लिहिली जातात, लिबरऑफिसची वेबलेटमध्ये. कोणीही सूचना लिहू शकतो. पण सूचना म्हणजे स्वीकारलेले भाषांतर नव्हे, तिला मान्यता देणारा कोणी असतो, हे अनेकांना सूचना महिनोन् महिने पडून राहिल्यावर कळते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिस कसे वापरावे हे मराठीतून ऐकवण्याचे मोठे काम केले आहे. वापरण्याच्या पुढची पायरी, म्हणजे या सॉफ्टवेअरच्या घडणीत बरोबरीने भाग घेण्याची रीत, मराठीतून तितकीच सविस्तर सांगितली जायला हवी. पुढील प्रकरणांचा प्रयत्न तोच आहे. त्यांत कमांडची यादी कमी आहे आणि कारणे जास्त आहेत, कारण कमांड दर काही वर्षांनी बदलतात. कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि कुठे विचारायचे, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक प्रकल्पात पुन्हा विचारावे लागतात.

जे आधीच एखादा प्रकल्प सांभाळतात त्यांना माझी विनंती छोटी आहे. एक पान लिहा. आलेला बदल कोण पाहतो, साधारण किती दिवसांत पाहतो, कोणत्या गोष्टी तुम्ही घेत नाही, आणि नकार मिळाला तर कारण कुठे वाचायला मिळेल, एवढेच त्यात असू द्या. उत्तर ‘आम्ही बाहेरचे बदल घेत नाही’ असे असेल तर तेही लिहा. आणि जे आज पहिल्यांदा या वाटेला लागत आहेत त्यांनी सुरुवातीपासून एक टिपण ठेवावे: मार्गदर्शिकेत काय सापडले नाही, कुठे अडले, शेवटी कोणाच्या कोणत्या उत्तराने सुटले. काही महिन्यांत तुम्हालाही सगळे सवयीचे होईल आणि हे अडणे विसरून जाल; ते आठवते आहे तोवरच त्याचा उपयोग आहे. पहिला बदल कोडमध्ये गेला, की दुसरा बदल त्या प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत करा.